कळप किती आणि वाटेकरी किती

प्रिय,

अनेक आशीर्वाद. राज्याच्या वन्यजीव आयोगापुढे वाचण्यासाठी तू लिहिलेले निवेदन मी दोनदा वाचले. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचे जे परवाने अजून दुकानातून थेट विकत घेता येतात तेही सोडतीत घालावेत ही तुझी मागणी आहे, आणि परराज्यांतून येणाऱ्या शिकाऱ्यांमुळे एल्क घटत चालले आहेत हे तू तिचे कारण दिले आहेस. मागणीविषयी माझे फारसे दुमत नाही. कारण मात्र चुकीचे आहे. ते असेच वाचून दाखवलेस तर सभागृहातला कोणताही जुना शिकारी पहिल्याच वाक्याला तुला अडवील, आणि त्यानंतर तुझे बाकीचे निवेदन कोणी ऐकणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी, मांस आणि कातडीच्या बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे, या राज्यातला एल्क जवळजवळ संपला होता. 1913 आणि 1914 साली यलोस्टोनच्या परिसरातून काही जनावरे आणून ती इथल्या एस्टेस पार्क गावाजवळ सोडावी लागली. आज राज्यात पावणेतीन लाखांहून अधिक एल्क आहेत. इतके दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. त्यामुळे 'एल्क संपत चालले' असे सरसकट विधान इथे टिकत नाही. मात्र राज्याची बेरीज सांगून स्वस्थ बसणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नकोस, कारण व्यवस्थापन राज्याचे होत नाही, एकेका कळपाचे होते. प्रत्येक मोठ्या कळपासाठी स्वतंत्र आराखडा असतो, त्यात लोकसंख्येचे आणि नर-मादी प्रमाणाचे उद्दिष्ट ठरलेले असते, आणि हंगाम संपल्यावर बर्फ पडले की हेलिकॉप्टरमधून नर, माद्या आणि पाडसे वेगवेगळी मोजली जातात. नैर्ऋत्येकडच्या काही कळपांत शंभर माद्यांमागे दिसणाऱ्या पाडसांची संख्या पूर्वीपेक्षा बरीच घटली आहे. काळजी करायचीच असेल तर त्या आकड्याची कर.

आता मुख्य मुद्दा. परवान्यांच्या वादात नेहमी दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. किती जनावरे मारली तरी कळप टिकेल, हा एक. आणि जेवढी मारता येतील तेवढी कोणी मारायची, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुष्कळसे गणनेतून आणि प्रारूपातून मिळते. दुसऱ्याचे उत्तर कोणतेही हेलिकॉप्टर देऊ शकत नाही. तो वाटणीचा प्रश्न आहे, म्हणजे आपल्याकडे बांधावरून होतो तशा भांडणाचा.

कळपाची वाढ किंवा घट मुख्यतः माद्यांवर अवलंबून असते. सप्टेंबरात माजाच्या काळात एक नर अनेक माद्या राखून असतो, त्यामुळे काही मर्यादेपर्यंत नर कमी झाले तरी पुढच्या उन्हाळ्यात जन्मणारी पाडसे कमी होत नाहीत. म्हणून राज्याच्या वन्यजीव विभागाला कळप वाढवायचा किंवा घटवायचा असतो तेव्हा तो प्रामुख्याने माद्यांच्या परवान्यांना हात घालतो. 2022-23 च्या हिवाळ्यात वायव्य कोलोरॅडोत बर्फाने कहर केला, जनावरे उपासमारीने मेली, आणि पुढच्या हंगामासाठी तिथले परवाने मोठ्या प्रमाणात कापले गेले. हा पहिल्या प्रश्नाचा निर्णय होता आणि त्याला फारसा कोणी विरोध केला नाही. कोवळे नर वाचावेत म्हणून 1980 च्या दशकात आलेला नियमही ध्यानात ठेव: पुष्कळ भागांत एका बाजूच्या शिंगाला किमान चार टोके असल्याखेरीज, किंवा कपाळालगतचे टोक निदान पाच इंच असल्याखेरीज, नर मारता येत नाही. गोळी झाडण्यापूर्वी दुर्बिणीतून टोके मोजण्याची सवय इथल्या दोन पिढ्यांना त्या नियमाने लावली.

2024 च्या जून महिन्यात आयोगाने घेतलेला निर्णय मात्र मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा होता. त्यानुसार परराज्यातल्या शिकाऱ्यांना धनुष्यबाणाच्या हंगामाचा परवाना 2025 पासून सोडतीनेच मिळू लागला. रहिवाशांना तो पूर्वीप्रमाणे थेट मिळतो, आणि बंदुकीच्या दुसऱ्या व तिसऱ्या हंगामाचे नराचे परवाने बऱ्याच भागांत दोघांनाही खुले राहिले. त्याआधी, 2024 च्या सोडतीपासून, परवान्यांतला सर्वसाधारणपणे 75 टक्के वाटा रहिवाशांना आणि 25 टक्के बाहेरच्यांना असा ठरला होता. या साऱ्यामागची खरी तक्रार गर्दीची होती. पायवाटेच्या तोंडाशी पहाटे चार वाजता गाड्यांची रांग लागलेली असते, आणि ज्या ओढ्याकाठी आजोबांनी तंबू ठोकला तिथे आता चार राज्यांचे तंबू असतात. ही तक्रार खोटी नाही, क्षुद्र तर मुळीच नाही. पण ती कळपाच्या नावाने मांडली की खोटी वाटू लागते. मला शिकाऱ्यांचा राग येतो तो एवढ्याचसाठी की 'आम्हाला एकांत हवा आहे' असे सरळ म्हणण्याऐवजी ते पाडसांच्या आकड्यांमागे लपतात.

तुझ्या निवेदनात पैशाचा उल्लेखच नाही, हे मला आश्चर्याचे वाटले. बाहेरचा शिकारी एल्कच्या परवान्यासाठी रहिवाशाच्या दहापटीहून अधिक शुल्क भरतो. वन्यजीवांचे काम राज्याच्या सर्वसाधारण करांतून फारसे चालत नाही. ते परवान्यांच्या शुल्कावर आणि बंदुका व काडतुसांवरच्या केंद्रीय अबकारी करातून येणाऱ्या वाट्यावर चालते. हा कर 1937 च्या कायद्याने राज्यांच्या वन्यजीव खात्यांसाठी बांधला गेला, आणि लांब नळीच्या बंदुकांवर तो 11 टक्के आहे. बाहेरचा एक परवाना कमी केलास तर ती तूट रहिवाशांच्या दहाहून जास्त परवान्यांची होते. मीकर किंवा क्रेगसारख्या गावांत ऑक्टोबर हाच सुगीचा महिना असतो, हे मोटेलवाल्याला आणि मांस कापून देणाऱ्याला विचारून पाहा.

सोडतीचीही एक बाजू लक्षात घे. अर्ज फेटाळला गेला की एक प्रेफरन्स पॉइंट मिळतो आणि पुढच्या वर्षी रांगेत तेवढे पुढे सरकता येते. ऐकायला न्याय्य वाटते. पण रांगेत नवे लोक सतत शिरत राहतात आणि परवाने तेवढेच राहतात, त्यामुळे चांगल्या भागासाठी लागणारे पॉइंट दरवर्षी वाढत जातात. शिकारी याला 'पॉइंट क्रीप' म्हणतात. वेटिंगवरच्या तिकिटाचा आकडा गाडी जवळ येईल तसा वाढत जावा, तसे हे आहे. थेट मिळणारा परवाना हा या रांगेबाहेरचा मुख्य मार्ग आहे, आणि तो वापरणाऱ्यांत अखेरच्या आठवड्यात रजा मिळालेला मेकॅनिक आणि पहिल्यांदाच शिकार शिकणारी तुझ्या वयाची मुले पुष्कळ असतात. तुझ्या मागणीने त्यांचा मार्ग बंद होतो. तरीही ती योग्य आहे असे वाटत असेल तर तसे लिही, पण ही किंमत नाकारू नकोस.

माझीच एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका सभेत मी गणनेचे तक्ते दाखवून एका खोऱ्यातला कळप उद्दिष्टापेक्षा थोडाच जास्त असल्याचे मोठ्या विश्वासाने सांगितले. मागच्या रांगेतल्या एका पशुपालकाने विचारले की त्यातले किती सध्या त्याच्या गंजीवर आहेत. मला उत्तर देता आले नाही. सार्वजनिक जमिनीवर बंदुकांचे आवाज सुरू झाले की एल्क खासगी कुरणांत जाऊन उभे राहतात, शिकाऱ्याला कुंपणापलीकडे शेकडो जनावरे दिसतात आणि अलीकडे एकही नाही, ही साधी गोष्ट मी तक्त्यात मांडलीच नव्हती. एल्क जनतेचा आहे, पण हिवाळ्यात तो गवत एका माणसाचे खातो. नुकसानीची भरपाई इथे राज्य देते. नीलगाय आणि रानडुकरांनी उभे पीक लोळवल्यावर आपला शेतकरी पंचनाम्यासाठी जशी वाट पाहतो, तशी थोडीफार वाट इथेही पाहावी लागते. मर्यादित परवान्यांतला काही हिस्सा जमीनमालकांसाठी राखून ठेवलेला असतो आणि त्याचे व्हाउचर दुसऱ्या शिकाऱ्याला देता येते. त्यावरचा वाद मोठा आहे. तुझ्या निवेदनात त्याला हात घालू नकोस.

तू कुठून आलास हे विचारले जाईल. आपल्या देशात 1972 च्या कायद्यानंतर शिकारीवर जवळपास पूर्ण बंदी आली, आणि तुझ्यासारख्या शाकाहारी घरातल्या मुलाने शिकारीच्या नियमांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. त्यातच 2020 साली लांडगे परत आणण्याचा ठराव मतपेटीतून अगदी थोड्या मतांनी संमत झाला आणि 2023 च्या डिसेंबरात ऑरेगनहून आणलेले दहा लांडगे सोडले गेले. तेव्हापासून, शहरातले लोक आपल्या डोंगरांचे निर्णय घेतात, ही सल इथल्या शिकाऱ्यांच्या मनात आहे. तेव्हा स्वतः शिकार करत नाहीस हे पहिल्याच वाक्यात सांगून टाक. लपवलेस तर ते दुसरा कोणी सांगेल.

निवेदन नव्याने लिहिताना पहिल्या परिच्छेदात फक्त गर्दीविषयी लिही आणि पाडसांचे आकडे काढून टाक. ते वापरायचेच असतील तर कोणत्या कळपाचे, कोणत्या वर्षांचे, हे नेमके सांग आणि त्यातून माद्यांच्या परवान्यांविषयीच निष्कर्ष काढ. शुल्काची तूट कशी भरून काढायची यावर निदान दोन वाक्ये हवीतच. रहिवाशांचे शुल्क वाढवा असे म्हणायचे धैर्य असेल तर म्हण, सभागृह कुरकुरेल. बोलायला मोजकी मिनिटे मिळतात, म्हणून दीड पानाहून अधिक नको. नवा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. शनिवारी मी गंजीवाल्या त्या पशुपालकाकडेच जाणार आहे. तो आता थकला आहे, पण प्रश्न अजून तसेच विचारतो. मसुदा घेऊन तूही चल.

तुझा,
काका