दही लागलं नाही, त्याचं कारण गोठ्यात

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंबद्दल आहेत. दोन शेतकऱ्यांची, दोन गृहिणींची आणि एक भाजीवाल्याचं. प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

प्रश्न : गाईला दगडी (कासेची सूज) झाली होती. एका सडात तीन दिवस अँटिबायोटिकच्या ट्यूब सोडल्या. चौथ्या दिवशी दुधातल्या गुठळ्या गेल्या, म्हणून दूध घरात घेतलं, तर दही लागेना. दूध तर चांगलं उकळलं होतं. औषध उकळून जात नाही का? बाकीच्या तीन सडांचं दूध तरी चालेल ना?

उकळून जात नाही. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं घरच्या उकळीला बऱ्यापैकी टिकतात. विरजणातले जंतू त्यांना फार लवकर बळी पडतात, म्हणून दही लागलं नाही. पण याचा उलटा अर्थ काढू नका. दही लागलं म्हणजे दूध स्वच्छ असं होत नाही, कारण काही औषधं आणि कमी मात्रा विरजणाला जाणवत नाहीत. थंडीतही दही उशिरा लागतं.

गुठळ्या गेल्या याचा अर्थ सूज उतरली एवढाच. औषध अजून कासेत आहे. दूध कधीपासून घ्यायचं हे शेवटच्या ट्यूबपासून मोजायचं, पहिल्या ट्यूबपासून नाही. किती दिवस थांबायचं ते वेष्टनावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दुधासाठी आणि अंड्यांसाठी निदान 7 दिवस. आणि हो, चारही सडांचं दूध बाजूला काढायचं. एका सडात सोडलेलं औषध रक्तात उतरतं आणि तिथून बाकीच्या सडांत येतं.

हे दूध डेअरीच्या कॅनमध्ये गेलं तर काय होतं याचा हिशेब करून पाहा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार पेनिसिलिनची दुधातली मर्यादा लिटरला 4 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे 1 मिलिग्रॅम औषध 250 लिटर दूध मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवतं. ट्यूबमध्ये तर कितीतरी मिलिग्रॅम असतात. ‘एवढ्या दुधात एका गाईचं काय कळणार’ हे इथे चालत नाही. ते वासरालाही पाजू नका. बारीक मात्रेत रोज औषध पोटात गेलं की वासराच्या आतड्यात नेमके औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात आणि शेणावाटे गोठाभर होतात.

उपचार चालू असलेल्या गाईच्या पायाला रंगीत पट्टी बांधा, भिंतीवर शेवटच्या ट्यूबची तारीख लिहा आणि तिची धार सगळ्यात शेवटी काढा. घरात धार काढणारी माणसं बदलतात, चूक तिथेच होते.

ट्यूब सोडतानाची एक बारीक गोष्ट फार कामाची आहे. सडाची टोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसताना आधी लांबचे सड, मग जवळचे. ट्यूब सोडताना मात्र आधी जवळचे, मग लांबचे. म्हणजे पुसलेल्या सडाला हात घासत नाही. नळीचं फक्त टोक आत घाला, पूर्ण नळी खुपसली तर बाहेरची घाण आत जाते आणि औषधाबरोबर नवा जंतूही देऊन बसतो.

पहिली ट्यूब सोडण्याआधीच दुधाचा नमुना घ्या. सुरुवातीच्या दोन-तीन धारा टाकून द्या, सडाचं टोक पुसा, निर्जंतुक बाटलीत धार घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. कोणतं औषध चालेल हे त्यातून कळतं. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू बहुतेकदा वाढत नाही आणि अंदाजाने दुसरं, तिसरं औषध सुरू होतं. रोजच्या रोज करायचं म्हणाल तर धार काढल्यावर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवा आणि गाईपुढे वैरण टाका. धारेनंतर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं. त्या वेळात ती शेणात बसली नाही, तर अर्धं काम झालं.

प्रश्न : ब्रॉयलरच्या लॉटमध्ये मर सुरू झाली की पाण्यातून एनरोफ्लॉक्सासिन देतो. कोंबड्या वाचतात. मग हरकत काय?

हरकत औषधाच्या नात्यात आहे. एनरोफ्लॉक्सासिनचा काही भाग कोंबडीच्या शरीरात सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणजे डॉक्टर माणसाला देतात तेच औषध. आणि कोंबडीच्या आतड्यातल्या कॅम्पिलोबॅक्टर या माणसाला जुलाब करणाऱ्या जंतूला त्याच्यापासून वाचायला जनुकातला एकच बदल पुरतो. तसा जंतू मांसावर बसून स्वयंपाकघरात आला की माणसाला सिप्रो देऊन उपयोग होत नाही. अमेरिकेने याच कारणावरून 2005 मध्ये कोंबड्यांसाठी एनरोफ्लॉक्सासिनची परवानगी काढून घेतली.

कोलिस्टिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची गोष्ट आणखी गंभीर आहे. अतिदक्षता विभागात बाकी सगळं हरलं की डॉक्टर त्याच्याकडे वळतात. 2015 मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसावर आणि रुग्णांतही कोलिस्टिनला निष्प्रभ करणारं एमसीआर-1 हे जनुक सापडलं. ते प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं, म्हणजे एक जंतू ते दुसऱ्या जातीच्या जंतूला देऊ शकतो. भारत सरकारने जुलै 2019 मध्ये अन्न देणारी जनावरं, कोंबड्या, मत्स्यपालन आणि खाद्यपूरकांसाठी कोलिस्टिन बनवायला आणि विकायला बंदी घातली. कोणी ‘वाढीची पावडर’ म्हणून देत असेल, तर डब्यावरचा घटक वाचल्याशिवाय घेऊ नका.

पाण्यातून औषध देताना एक अडचण कायम असते : आजारी पक्षी पाणी कमी पितात. ज्यांना गरज आहे त्यांना अपुरी मात्रा मिळते आणि ठणठणीत पक्ष्यांना फुकटचं औषध. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम एनरोफ्लॉक्सासिनला धरून ठेवतं आणि पोटात ते कमी शोषलं जातं. राणीखेत किंवा गंबोरो हे विषाणूचे आजार आहेत, त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काहीच परिणाम नाही. म्हणून आधी ताज्या मेलेल्या दोन-चार पक्ष्यांचं शवविच्छेदन करून घ्या, यकृताचा नमुना पाठवा, मग पशुवैद्यक सांगतील ते औषध द्या. मांसासाठी, वेष्टनावर काही लिहिलं नसेल तर, 28 दिवस थांबायचं असतं. ब्रॉयलर जेमतेम 6 आठवड्यांचा विकला जातो, त्यामुळे विक्रीच्या तोंडावर असं औषध देणं बसतच नाही.

प्रश्न : चिकन शिजवलं की जंतू मरतात. मग औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंची आम्ही काळजी का करायची?

शिजवल्यावर तेही मरतात, यात शंका नाही. औषधाला टिकणारा जंतू उष्णतेला टिकतो असं नाही. तुकड्याच्या मध्यभागी 74 अंश सेल्सियस गाठलं की काम झालं. हाडाजवळचा लाल रस पाहून ठरवू नका, जाड तुकड्यात थर्मामीटर घालून पाहणं हाच खात्रीचा मार्ग.

धोका शिजण्याआधी आहे. चिकन नळाखाली धुतात ना, त्या वेळी ओट्याकडे नीट पाहा. पाण्याचे बारीक तुषार सिंकच्या बाहेर, वाळत घातलेल्या ताटांवर, शेजारच्या कोथिंबिरीच्या जुडीवर पडतात. धुण्याने मांसावरचे जंतू जात नाहीत, ते घरभर होतात. मग त्याच पाटावर, त्याच सुरीने काकडी चोचवून कोशिंबीर केली की रश्शात मेलेला जंतू कोशिंबिरीतून जिवंत पोटात जातो. आधी कोशिंबीर चिरून झाका, मग चिकन हाताळा. धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने, नळ सोडून नाही. पाट, सुरी, सिंक साबणाने आणि गरम पाण्याने धुवा, फडकं लगेच उकळत्या पाण्यात टाका. मुरवायला ठेवलेलं मांस फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकून. वर ठेवलं तर रस खालच्या दह्यावर गळतो.

प्रश्न : बाहेरचं खाऊन जुलाब झाले की औषधाच्या दुकानातून गोळी आणतो. दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून पुढे घेत नाही.

बहुतेक वेळा गोळी न घेताही दोन-तीन दिवसांत बरं वाटलं असतं. साल्मोनेला या अन्नातून येणाऱ्या जंतूच्या साध्या जुलाबात एरवी धडधाकट असलेल्या माणसाला अँटिबायोटिक लागत नाही, उलट ते घेतल्याने विष्ठेतून जंतू जाण्याचा काळ लांबू शकतो. लागतं ते पाणी आणि क्षार. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण ओता, अर्धी-अर्धी नको. पुडी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर 6 सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा काठाशी सपाट करा. 6 महिन्यांवरच्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस.

शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी बंद, सुस्ती, किंवा रुग्ण तान्हं बाळ, गरोदर बाई, वृद्ध असेल तर थेट डॉक्टरांकडे. तिथे अँटिबायोटिक द्यायचं ठरलं तर पहिली गोळी घेण्याआधी शौचाचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे कोणता जंतू वाढतो ते पाहण्यासाठी, देता येईल का ते विचारा. टायफॉइड वेगळा. त्याचा जंतू माणसातच राहतो, त्याला अँटिबायोटिक लागतंच आणि डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस घ्यावं लागतं.

प्रश्न : मेथी-कोथिंबिरीला ताजं कोंबडीखत टाकतो. चालेल का?

ताजं नको. त्यात जंतूही असतात आणि औषधाचे अंशही. ढीग लावून ओलावा राखा, आतलं तापमान 55 अंशांवर निदान 15 दिवस टिकू द्या आणि त्या काळात पाच वेळा पालटा, म्हणजे कडेचा थंड भाग आत जाईल. कच्चं खत घातलंच असेल, तर अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात मातीला टेकणाऱ्या पिकासाठी खत आणि काढणी यांत 120 दिवसांचं अंतर आहे. मेथी महिन्याभरात काढायला येते, तेव्हा तिच्या वाफ्यात कच्चं खत बसत नाही.