तुम्ही स्वतः विक्का (चेटूक आणि निसर्गपूजेचा आधुनिक पंथ) पाळता का? त्यात देवी आणि प्राणी-मार्गदर्शक खरंच भेटतात का?

पाळते, सात वर्षं झाली. राहते इंग्लंडात, यॉर्कशरला. कुठल्या मंडळात नाही, एकटीच करते. आणि 'हजारो वर्षांची परंपरा' वगैरे वाचलं असेल तर सोडून द्या. चेटकाविरुद्धचा कायदा इथे १९५१ साली रद्द झाला, त्यानंतर १९५४ च्या पुस्तकातून जेराल्ड गार्डनर या इंग्रजाने हा पंथ लोकांपुढे मांडला. म्हणजे माझ्या आईहून चारेक वर्षांनी मोठा!

माझी देवी हेकाटी. प्राचीन ग्रीकांची, उंबरठ्याची, तिठ्याची, रात्रीची. जुन्या अथेन्समध्ये महिना संपताना, चंद्र नसलेल्या रात्री, तिच्या नावाने तिठ्यावर जेवण ठेवत. ते खाली ठेवायच्या आधीच गोरगरीब पळवतात, अशी थट्टाही तिथल्या एका प्रहसनात आहे. हे वाचलं आणि सावंतवाडीचा तिठा आठवला. कापलेलं लिंबू, हळद-कुंकू, भाताचा मुटका. आणि दंडाला धरून मला कडेकडेने नेणारी आजी. दोन्ही प्रथा एकच, असं मी म्हणत नाही. पण ही बाई मला परकी वाटली नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीत तिची जागा आहे: आईने दिलेली समई, मिठाची वाटी, एक जुनी किल्ली. पहिल्या अमावस्येला हौसेने धूप घातला, तर धुराचा अलार्म बोंबलला आणि शेजारीण नाइटगाउनवर दारात. आता नुसती समई लावते.

प्राणी-मार्गदर्शकाचं म्हणाल, म्हणजे ध्यानात भेटून वाट दाखवणाऱ्या प्राण्याचं, तर ती कल्पना मुळात विक्कातली नाहीच. मायकेल हार्नर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास लोकप्रिय केली, ती इकडे मिसळली. लोकांना ध्यानात लांडगे दिसतात, घुबडं दिसतात. मी दोन वर्षं डोळे मिटून बसले. पाय तेवढे बधिर झाले.

मग शर्यतीतून निवृत्त झालेली एक काळी ग्रेहाउंड कुत्री दत्तक घेतली. कुत्रा हा हेकाटीचाच प्राणी, पण खरं सांगते, तेव्हा हे डोक्यातही नव्हतं. पहिल्याच अमावस्येला मागच्या दारी ठेवलेलं उकडलेलं अंडं तिने माझ्यादेखत गिळलं. मी ओरडणार होते, तेवढ्यात ते प्रहसन आठवलं. तेव्हापासून अंडं तिचंच. ती उंबरठ्यावर बसते, मी नाव घेते, मग ती खाते. मार्गदर्शन म्हणाल तर एवढंच. महिनाभर कितीही धावपळ असो, त्या रात्री ती मला दाराशी थांबायला लावते.

तुम्ही करून पाहणार असाल आणि घरात कुत्रा असेल, तर एक लक्षात ठेवा. ग्रीक लोक तिठ्यावर लसूणही ठेवत. तो कुत्र्यांना विषारी असतो.