सांध्याचा कागद

प्रिय,

तुझी मेल दोनदा वाचली. डिझाइन शिकणारी मी म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं स्वतःबद्दल लिहून तू मोकळी झालीस. आता मी गोधडीचं उदाहरण देऊन तुझी समजूत घालेन असं वाटत असेल, तर ते होणार नाही. मला तुझ्या गटाच्या डब्याबद्दल बोलायचंय, आजी-आजोबांच्या औषधगोळ्यांसाठीच्या त्या स्क्रीनवाल्या डब्याबद्दल. तुझा सगळा गोंधळ त्या डब्यात आहे.

मेकॅनिकलचा मुलगा म्हणतो, आकार माझा, तू रंग सांग. इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणतो, स्क्रीनवरचं चित्र दे, बाकी मी बघतो. समाजशास्त्राची मुलगी मुलाखतींचा चाळीस पानी अहवाल देऊन मोकळी. आणि तू मधल्यामध्ये. ‘मग सर, माझा विषय कोणता?’

सांधा. दोन विषय जिथे एकमेकांना टेकतात ती जागा तुझी. हे मी या पत्रात इतक्यांदा म्हणणार आहे की तुला कंटाळा येईल. येऊ दे.

तू पाठवलेल्या फोटोत चार्जिंगचं भोक बघ. यूएसबी-सीचं सॉकेट साधारण 9 मिमी रुंद आणि 3 मिमीहून जरासं उंच. पोराने भोक बरोब्बर तेवढंच ठेवलंय आणि डब्याची भिंत आहे 2.5 मिमीची. पण केबलच्या टोकाचं प्लास्टिक 12 मिमीपर्यंत रुंद आणि 6 मिमीपर्यंत जाड असतं. ते त्या भोकात शिरत नाही, बाहेरच अडतं, आणि आतलं धातूचं टोक सॉकेटमध्ये पुरतं बसत नाही. म्हणून चार्जिंग कधी होतं, कधी होत नाही, आणि तुम्ही सगळे दोन दिवस बॅटरीच्या नावाने खडे फोडताय. सॉकेटचं माप बरोबर होतं. आतला सर्किट बोर्डही बरोबर होता. केबल मात्र कोणाच्याच ड्रॉइंगमध्ये नव्हती. ती तुझ्या ड्रॉइंगमध्ये हवी होती. आता बाहेरच्या बाजूने 13 बाय 7 मिमीचा खळगा दे आणि तेवढ्या जागेत भिंत 1 मिमीवर आण. नाहीतर बोर्डच पुढे सरकव, म्हणजे सॉकेटचं तोंड भिंतीच्या बाहेरच्या अंगाशी येईल. बोर्ड सरकवलास तर स्क्रूचे खांबही सरकतात, हे मेकॅनिकलवाल्याला आजच सांग, थ्री-डी प्रिंट लावल्यावर नको.

आता स्क्रीन. 0.96 इंचाची, 128 बाय 64 पिक्सेलची. तुझ्या आराखड्यात ‘रात्री’ झोकात बसलंय आणि प्रत्यक्षात उमटतंय र, काना, त, पाय मोडल्याची खूण, र, वेलांटी, अशी सुटी सुटी वरात. ‘दिवस’मधली वेलांटी द च्या मागे जाऊन बसलीय. तुमचा चौथा गडी, कोडवाला, म्हणतो फॉन्ट खराब आहे, तू म्हणतेस कोड खराब आहे. दोघंही चूक. देवनागरीत अक्षरं एकामागून एक नुसती मांडून भागत नाही. जोडाक्षर करायचं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणायची, हे काम फोनमध्ये वेगळा प्रोग्रॅम करतो. तुमच्या छोट्या कंट्रोलर चिपच्या नेहमीच्या डिस्प्ले लायब्ररीत, म्हणजे स्क्रीनवर अक्षरं काढणाऱ्या तयार कोडमध्ये, तो नसतो. डब्याला शब्द लागतात किती? सकाळ, दुपार, रात्र, जेवणाआधी, जेवणानंतर, घेतली, राहिली... डझनभर. ते तू चित्र म्हणून काढ. एकेक पिक्सेल हाताने बसव, काळा-पांढरा बिटमॅप कर आणि कोडवाल्याला दे. उंची निदान 24 पिक्सेल धर. 16 मध्ये शिरोरेषेवरची मात्रा आणि खालचा उकार दोन्ही नीट मावत नाहीत, एकाचा बळी जातो. हे काम अक्षररचनेचं की प्रोग्रॅमिंगचं? मला विचारू नकोस. ते सांध्याचं काम आहे.

या सगळ्याहून मोठी चूक त्या चाळीस पानांत पडून आहे. अहवालात एक वाक्य आहे, मी त्याखाली रेघ मारून परत पाठवतोय: आजी-आजोबा गोळी पाकिटातून आधी काढून ठेवत नाहीत, पट्टी कात्रीने कापून चंदेरी तुकड्यासकट ठेवतात. बरोबरच करतात, उघडी गोळी पावसाळ्यात दमट होते. आणि तुमच्या डब्याचा कप्पा 25 मिमी चौरस! कापलेला तुकडा त्यात आडवा बसत नाही, दुमडून कोंबावा लागतो. हे सगळ्यांनी वाचलं होतं, तरी कप्पा 25 चाच राहिला. अहवालातलं वाक्य मिलिमीटरमध्ये उतरल्याशिवाय मेकॅनिकलवाल्यापर्यंत पोहोचत नाही, आणि ते उतरवणं त्या मुलीचं काम नाही. तुझं आहे. कात्री घे, दहा वेगवेगळ्या पट्ट्या काप, तुकडे ग्राफ पेपरवर ठेव, सर्वांत मोठ्याला दोन्ही बाजूंनी 3 मिमी मोकळीक दे. तो तुझा कप्पा. आणि पुढच्या वेळी गेलात तर ‘असा डबा आवडेल का?’ हे विचारू नका. चहा पाजणारं कोणतंही घर त्यावर ‘हो’च म्हणतं. ‘काल रात्रीची गोळी कुठून काढलीत, दाखवा’ असं म्हणा आणि हात बघा.

तू विचारशील, हे नवीन काय? काही नाही. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं भारत फिरून गेलं आणि सरकारला दिलेल्या अहवालात त्यांनी आपल्या लोट्याबद्दल प्रश्नच प्रश्न लिहिले. किती पाणी मावावं, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, धरणारा हात केवढा, ओतताना तोल कुठे जातो, वाजवला तर आवाज कसा येतो, मोडीत किती किंमत येते. अर्थशास्त्र, शरीरशास्त्र, धातुकाम, सगळं एका भांड्यात. अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, 1961 मध्ये निघाली ती त्या अहवालानंतर. आयडीसी हे डिझाइन शिकवणारं केंद्रही 1969 मध्ये मुंबईच्या आयआयटीत, इंजिनिअरिंगच्या आवारात सुरू झालं. ते उभारणारे प्रा. सुधाकर नाडकर्णी जे.जे.त शिकून जर्मनीत उल्मच्या डिझाइन शाळेत गेलेले होते. जयपूर फूट हा कृत्रिम पाय आठव. डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिरोगतज्ज्ञ, रामचंद्र शर्मा कारागीर. परदेशी कृत्रिम पाय बुटासाठी बनलेला, त्यावर उकिडवं बसता येईना, अनवाणी शेतात उतरता येईना. ती अडचण दवाखान्यात दिसली, तिचं उत्तर रबरात सापडलं. दोघांपैकी एकटा कोणीही पुरला नसता.

आणि आम्ही काय केलं? ‘मल्टिडिसिप्लिनरी’ हा शब्द माहितीपत्रकावर छापला आणि वेळापत्रक होतं तसंच ठेवलं. वर्कशॉप पाचला बंद आणि समाजशास्त्राचा तास साडेचारला. मग मुलांनी एकत्र बसायचं कधी? ही चूक आमच्या पिढीची आहे आणि ती मला बोचते. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने बाहेरचे विषय घ्यायला दार उघडलं, चांगलंच झालं. पण सांध्यावर उभं कसं राहायचं हे नुसतं दार उघडून येत नाही.

तू मला टोमणाही मारलायस, ‘तुम्ही इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, अडवता’ म्हणून. हो, अडवतो. तू पुढच्या सत्रासाठी मानसशास्त्राची तोंडओळख, डेटाची तोंडओळख, मातीकामाची तोंडओळख आणि व्यवस्थापनाची तोंडओळख मागितलीस. चार तोंडं ओळखून काय करणार? एकाच परक्या विषयात लागोपाठ दोन कोर्स घे, दुसरा असा की ज्यात तुला नापास व्हायची भीती वाटेल. तिथे तुला त्या विषयाची मापं कळतील आणि त्या विषयातल्या लोकांना कशापायी झोप लागत नाही तेही कळेल. सांध्यावर उभं राहायला तेवढं पुरतं. त्यांच्याइतकं सर्किट तुला येणार नाही, यायला नको. बोर्ड 1.6 मिमी जाड असतो, कनेक्टरला वर जागा लागते, सेल 65 मिमीचा असला तरी होल्डर 75 च्या पुढे जातो, इतकं यायलाच हवं. वर्कशॉपची सक्ती मी याचसाठी करतो. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत. प्रिंटेड झाकणाला दर बाजूला 0.2 ते 0.3 मिमी सैल ठेवावं लागतं, हे स्लाइडवर वाचून कोणाच्या लक्षात राहिलंय? सगळा डबा छापण्याआधी 20 मिमीचा कोपरा छाप, झाकण लावून बघ, मग आकडा ठरव. प्रत्येक प्रिंटरचा तो वेगळा असतो. आणि प्रिंटला पीएलए प्लास्टिक वापरलं असेल तर नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत डबा ठेवू नका, साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. त्याऐवजी पीईटीजी प्लास्टिक घ्या.

सगळं सोडून सरळ ॲप-डिझाइनकडे वळावं का, असंही शेवटी विचारलंयस. वळायचं तर आवडतं म्हणून वळ, इथून पळायचं म्हणून नको. तिथेही हेच आहे. बटण दाबलं आणि सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर पडद्यावर काय दिसावं, हे कोण ठरवतं? तिथेही ते कोणाच्याच ड्रॉइंगमध्ये नसतं.

आता काम. ए-थ्री कागद आडवा घे. चौघांची नावं चार कोपऱ्यांत लिही, तुझं लिहू नकोस. कोण कोणाला टेकतं तिथे रेघ मार. चौघांच्या सहा रेघा होतात. प्रत्येक रेघेवर तीन गोष्टी: कोणतं माप किंवा मजकूर इकडून तिकडे जाणार, कोणत्या तारखेला, आणि बदललं तर कोणी कोणाला फोन करायचा. जी रेघ कोरी राहील तिथेच डबा बिघडणार आहे. कागद वर्कशॉपच्या भिंतीवर लाव, पेन्सिलनेच लिही, दर सोमवारी खोड.

रविवारी रात्रीपर्यंत मला त्याचा फोटो पाठव. डब्याचाही पाठव, पण या वेळी केबल लावून.

सर