बर्फ वर, बिऱ्हाड खाली

मागच्या वेळी मी कुल्लू खोऱ्यातल्या नग्गरला भाड्याने काढलेल्या माझ्या दोन हिवाळ्यांबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की ह्यावेळी नुसती उत्तरंच देतो. बाहेर ४३ डिग्री आहे, नळाला पाणी पाचव्या दिवशी येतंय, मग सोलापूरकराला बर्फात राहायची स्वप्नं पडली तर त्याचं काय चुकलं म्हणा. वीसेक वर्षं ग्रुप घेऊन वर हिमालयात जातोय, त्यामुळे स्वप्न मोडायचं काम माझ्याकडेच येतं.

प्रश्न : आम्ही दोघंही बँकेतून रिटायर झालोय. जुळे सोलापूरचा फ्लॅट विकून मनालीजवळ सोलंगच्या बाजूला छोटं घर घ्यायचं डोक्यात आहे, मुलं म्हणतात वेड लागलंय. तुम्ही काय म्हणता?

मुलं अर्धी बरोबर आहेत. फ्लॅट विकू नका, हे पहिलं. दुसरं म्हणजे हिमाचलात बाहेरच्या माणसाला अशी उठून जमीन घेता येत नाही. तिथल्या १९७२ च्या कूळ आणि जमीन सुधारणा कायद्यात कलम ११८ आहे, त्याप्रमाणे जो हिमाचलचा शेतकरी नाही त्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन मिळत नाही, आणि तुमचा मोहोळचा सातबारा तिथे दाखवून काही उपयोग नाही, तिथला शेतकरी लागतो. परवानगी काढून घरापुरती जागा किंवा मंजुरी असलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट घेता येतो, पण ते कागद फिरतात फिरतात आणि तुम्ही इथेच बसता. मग एखादा एजंट भेटतो, म्हणतो लोकल माणसाच्या नावावर घेऊ, आतल्या आत ॲग्रीमेंट करू. त्याच्या नादी लागू नका. उघडकीस आलं तर जमीन सरकारजमा होते आणि पैसे कुणाकडे मागणार, ज्याच्या नावावर घेतली तो तर हात वर करून मोकळा.

आता जागेचं. सोलंगला स्कीचे स्लोप, म्हणजे बर्फाचे उतार आहेत म्हणून सोलंगला राहायचं, हा हिशोब टुरिस्टचा झाला. राहायचं ते दोन पायऱ्या खाली, म्हणजे नग्गर किंवा अजून खाली कुल्लूकडे. मनाली साधारण ६,७०० फुटांवर, नग्गर सहा हजाराच्या आत, कुल्लू ४,२०० च्या आसपास, आपलं सोलापूर १,५०० फूट. बर्फ बघायची हुक्की आली की सकाळी निघा, संध्याकाळी परत या. दाराशी बर्फ म्हणजे काय असतं ते सांगतो. रात्री पाइपमधलं पाणी गोठतं, म्हणून झोपताना नळाची धार बारीक चालू ठेवायची, ती विसरलात तर सकाळी पाइपवर गरम पाणी ओतत बसा, आणि पाइप फुटला असेल तर तो कळणार ऊन पडल्यावर. ह्या एका बाबतीत आपण सोलापूरवाले तयार गडी, पिंप भरून ठेवायची सवय रक्तातच आहे, माझ्या घरमालकिणीला माझे भरलेले पाच डबे बघून हसू आवरत नव्हतं आणि तिसऱ्याच दिवशी तीच एक डबा मागायला आली. छपरावरचा बर्फ हा अजून एक विषय. एक फूट ओला, दबलेला बर्फ हजार स्क्वेअर फुटांच्या छपरावर म्हणजे आठ-नऊ टन वजन. म्हणून तिथली छपरं उतरती असतात, आणि म्हणून गच्चीवाला 'मॉडर्न' बंगला कुणी स्वस्तात दाखवला तर आधी विचारायचं की जानेवारीत फावडं घेऊन वर कोण चढतं.

रस्त्याचंही बघा. जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुरात कुल्लू-मनाली रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा तेच. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, घर बघायला मे महिन्यात किंवा ख्रिसमसला जाऊ नका, तेव्हा सगळंच गोड दिसतं. जुलै-ऑगस्टचे पंधरा दिवस आणि जानेवारी अखेरचे पंधरा दिवस भाड्याने काढा, हॉटेलात नाही, घरात, भांडी स्वतः घासून. त्यानंतरही दोघांचं एकमेकांशी बोलणं चालू असेल तर वर्षाचं भाडं ठरवा.

प्रश्न : मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसवलेत, बीपीची गोळी चालू आहे, वय ६६. त्यांना गुलमर्ग किंवा औलीला चार महिने राहायचंय. चालेल का? (होटगी रोड)

ताई, शेवटचा शब्द त्यांच्या कार्डिओलॉजिस्टचा, मी फक्त त्यांना काय विचारायचं ते सांगतो. गुलमर्ग ८,७०० फुटांवर आहे, तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी. उत्तराखंडातल्या औलीचे स्लोप त्याहून वर जातात. साधारण ८,००० फुटांच्या वर धडधाकट माणसालाही डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं, आणि त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, दोन टप्प्यांत जातो, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळपास १३,००० फुटांवर नेऊन सोडतो, म्हणजे चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात शरीराला चार हजार फूट वर ढकललं. तो दुसरा टप्पा मिस्टरांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये, तिकीट काढलेलं असलं तरी.

पण खरं सांगू का, मला हार्टपेक्षा जास्त भीती पडण्याची वाटते. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असणार, आणि बर्फाळ रस्त्यावर पडून डोक्याला मार बसला तर ते साधं पडणं राहत नाही. मी स्वतः दुसऱ्या हिवाळ्यात दूध आणायला निघालो, गल्लीत कुणीतरी बादली उपडी केली होती, रात्रीत त्याची काच झालेली, वरून भुरभुर बर्फ, दिसलंच नाही. मनगट मोडलं. जवळच्या दवाखान्यात एक्स-रेवाला त्या दिवशी आलाच नव्हता, मग एका जीपवाल्याच्या पाया पडून खाली गेलो, प्लास्टर पडेस्तोवर दुपार झाली, आणि दूध राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून बुटावर चढवायचे रबरी पट्ट्याचे खिळे खिशात असतात, हजारभर रुपयाची गोष्ट, पण त्याआधी मला ती म्हाताऱ्यांची वाटायची.

त्यांना काश्मीरच हवं असेल तर श्रीनगरला राहा, ५,२०० फूट, मोठी हॉस्पिटलं तिथेच, आणि गुलमर्ग ५० किलोमीटर. गुलमर्गमध्ये तसंही गाव असं नाहीच, हॉटेलं आणि सरकारी क्वार्टर, काम करणारे बरेच जण खाली टंगमर्ग भागातून रोज वर येतात. तेच राहत नाहीत तर आपण का राहायचं? आणि हो, खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारं-खिडक्या बंद करून झोपायचं नाही, कितीही गारठलात तरी. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बुखारी, म्हणजे धुराचा पाइप असलेली लोखंडी शेगडी असेल तर तिचा पाइप बाहेर नीट निघतोय ना ते रोज बघायचं.

प्रश्न : वय ३४, आयटी, पूर्ण वर्क फ्रॉम होम. अशोक चौकात बसून कोड लिहिण्यापेक्षा जोशीमठला घर घेऊन औलीत स्की करायचा विचार आहे. प्लॉट स्वस्त मिळतायत.

स्वस्त का मिळतायत ते विचारलंस का मित्रा? जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात आठशेच्या वर इमारतींना तडे गेले, लोकांना राहती घरं सोडावी लागली आणि औलीला जाणारा चार किलोमीटरचा रोपवेही बंद करावा लागला. ते गावच जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, हे १९७६ च्या मिश्रा समितीने लिहून ठेवलं होतं. वरून भूकंपाचा पट्टा, १९९९ ला चमोलीचा झाला तो ह्याच जिल्ह्यात. किल्लारीच्या पहाटे आपण सोलापुरात अंगणात येऊन उभे होतो ते तुझ्या आईवडिलांना विचार, भांडी कशी वाजली ते त्यांना अजून आठवत असेल.

आणि कायदाही बघ. उत्तराखंडात बाहेरच्याला नगरपालिका हद्दीबाहेर घरासाठी २५० चौरस मीटर, तेही कुटुंबाला एकदाच, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर १३ पैकी ११ जिल्ह्यांत शेती-बागायतीची जमीन बाहेरच्यांना बंद, चमोली त्या अकरांत आलं. तू भाड्याने जा, फेब्रुवारी एक महिना, दोन कंपन्यांची सिमं आणि इन्व्हर्टर असलेलं घर बघ. क्लायंट कॉल चालू असताना बर्फाने लाइट गेली की जवळच्या हॉटेलचं वायफाय कामाला येत नाही, त्यांचीही गेलेली असते.

प्रश्न : मी शिक्षिका होते, पंढरपूरची, एकटीच आहे. थंडी सोसेन पण भाकरीशिवाय आणि बोलायला माणूस नसल्यावर मी तिकडे किती दिवस टिकेन?

बाई, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण परत येणारे नव्वद टक्के लोक थंडीने परत येत नाहीत, असल्याच कारणाने येतात (नव्वद हा माझा अंदाज हं, मोजलेलं नाही).

भाकरीचं आधी. ज्वारी तिकडे दुकानात सहज मिळत नाही. पीठ नेऊ नका, जुनं झालं की कडवट होतं आणि भाकरी थापताना तुटते, मालदांडी अख्खी घेऊन जा आणि तिकडच्या चक्कीवाल्याशी ओळख काढा. माझा चक्कीवाला आधी म्हणायचा हे काय कबुतराचं खाणं आणलंय, मग एकदा त्याला गरम भाकरी, शेंगा चटणी आणि वर कच्चं तेल दिलं, पुढच्या वेळी दळणाचे पैसे घेईना, चटणी मागायला लागला. कडक भाकरी मात्र बिनधास्त न्या, ती तिथल्या कोरड्या थंडीत आपल्यापेक्षा जास्त टिकते. डाळीला कुकर लागतोच. मनालीच्या उंचीवर पाणी ९३ डिग्रीच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेल्यात तूर डाळ रटारटा उकळताना दिसते पण दाणा शिजत नाही, पहिल्या दिवशी मी गॅसला शिव्या घातल्या होत्या.

माणसांचं अवघड आहे, खोटं कशाला बोलू. डिसेंबर ते फेब्रुवारी लवकर अंधार, गावातले सगळे तंदूरभोवती, म्हणजे आपली रोटीची भट्टी नव्हे, तिकडे खोलीच्या मधोमध लोखंडी चूल असते तिला तंदूर म्हणतात, आणि तुम्हाला कुणी त्या तंदूरपाशी बोलावलं तर हिवाळा निघतो, नाही बोलावलं तर मोबाईल आणि भिंत. बोलावतात, पण आपण आधी जावं लागतं. तुम्ही शिक्षिका आहात, शेजारच्या पोरांचं गणित घ्या, फी म्हणून सफरचंदं येतील. एकट्याने पूर्ण वर्ष नको, ऑक्टोबर ते डिसेंबर मध्यापर्यंत राहा आणि जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला खाली या, परत मार्चमध्ये जा. अर्धं वर्ष इकडे अर्धं तिकडे हेच मला स्वतःला जमलं.

आणि सुती कपडे कमी न्या. सोलापुरात बसून सुताला नावं ठेवणं म्हणजे पाप, पण बर्फात सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आत थर्मल, मग लोकर. आपली चादर पलंगावर अंथरायला न्या, पांघरायला तिकडची रजाई.

प्रश्न : मुलगा कॅनडात कॅलगरीला आहे, म्हणतो बान्फमध्ये घर घेतो, तुम्ही येऊन राहा. फोटो बघून वेडे झालोय.

फोटो खरे आहेत, प्लॅन होणार नाही. बान्फ हे गाव नॅशनल पार्कच्या आत आहे आणि तिथे राहायचं तर तिथे राहण्याची गरज दाखवावी लागते, म्हणजे मुख्यतः तिथलीच नोकरी किंवा धंदा. आधी पाच वर्षं तिथे काम केलेला माणूस रिटायर होऊन राहू शकतो, पण सोलापुरातून रिटायर झालेले आईवडील त्यात बसत नाहीत. वीकेंडचं घर म्हणूनही चालत नाही. पार्कच्या बाहेर पंचवीसेक किलोमीटरवर कॅनमोर आहे, तिथे ही अट नाही, पण भाव ऐकून मुलगा गप्प होईल. उंची मात्र फक्त ४,३०० फूट, म्हणजे तब्येतीला सोपं, आणि १९८८ च्या ऑलिम्पिकचं क्रॉस-कंट्री स्कीइंग तिथेच झालं होतं, ते ट्रॅक अजून चालू आहेत. तुमच्या वयाला उतारावरून सुसाट येण्यापेक्षा ते सपाटीवरचं स्कीइंग बरं.

तुम्ही मुलाकडेच राहा, कॅलगरीत. तिकडे आईवडिलांसाठी सुपर व्हिसा असतो, त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि साठीनंतर बीपी-शुगर असेल तर त्याचा हप्ता आधी विचारा, तिकीट नंतर. अजून एक, कॅलगरीत बर्फ थांबल्यावर २४ तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ करायची जबाबदारी घरवाल्याची असते. सून-मुलगा ऑफिसला गेल्यावर फावडं कुणाच्या हातात येणार ते आत्ताच बोलून घ्या.

प्रश्न : गुलमर्ग भागात होमस्टेमध्ये पैसे घालावे का?

नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे स्लोप तपकिरी होते, आणि २०२५ ला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. पश्चिमेकडून येणारे वारे वेळेवर आले तर सीझन, नाही तर रिकाम्या खोल्या. कोरडवाहू शेती इथे आहेच की, तिथे जाऊन अजून एक कशाला.

प्रश्न : वय ६१, रोज पार्क स्टेडियमवर चालते. आता स्की शिकता येईल का? हसू नका.

हसत नाही. माझ्या ग्रुपमध्ये ६४ वर्षांच्या एक बाई चार दिवसांत थांबायला शिकल्या आणि थांबायला आलं म्हणजे अर्धं स्की आलं. पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा फाळ करून ब्रेक मारतात, त्यात गुडघ्यांवर आणि मांड्यांवर जोर येतो, म्हणून जायच्या दोन महिने आधीपासून खुर्चीवरून हात न टेकता उठायचा सराव करा, रोज वीस वेळा. पडायचं ते बाजूला, मागे नाही, आणि हातातल्या काठ्या सोडून द्यायच्या. काळा चष्मा पाहिजेच, बर्फावरून ऊन परत डोळ्यात येतं, ढगाळ दिवशीसुद्धा. बूट भाड्याने घेताना दुकानदार घाई करतो, घालून दहा मिनिटं उभ्या राहा, नडगीला घट्ट पण बोटं हलली पाहिजेत, आणि थंडी वाजते म्हणून दोन मोजे चढवू नका, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच, लांब, लोकरीचा.