तुझ्या एफपीएल संघाच्या इतिहासाबद्दल

प्रिय मित्रा,

फॅन्टसी प्रीमियर लीगमधल्या (एफपीएल, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले खरे फुटबॉलपटू निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा ऑनलाइन खेळ) तुझ्या संघाच्या इतिहासाचा मसुदा वाचला. आपल्या मित्रांच्या मिनी-लीगमधल्या सगळ्यांनी आपापल्या संघाचा इतिहास लिहायचा असं ठरलं आणि पहिला तूच पाठवलास, याचं कौतुक आहेच. पण मोसम, गुण आणि जागतिक रँक एवढं तर तुझ्या संघाच्या पानावर आयतंच मिळतं. खेळाची साइट एक मोसम एका ओळीत आटोपते. तू त्या ओळी लांबवल्यास आणि जागोजागी ‘दुर्दैवाने’ पेरलंस. ते सगळे ‘दुर्दैवाने’ आधी काढून टाक.

गोल खेळाडूंनी मारले. तुझं काम कोणाला घ्यायचं, कोणाला बेंचवर बसवायचं, कॅप्टन कोणाला करायचं, एवढंच. तेव्हा इतिहास त्याचा लिही, आणि प्रत्येक ठिकाणी ‘का’ लिही.

तुझंच एक वाक्य घेतो: ‘२०१७-१८ मध्ये सालाहने तारलं.’ (लिव्हरपूलचा सालाह.) तारलं ते कळलं, पण कसं? १७ मार्च २०१८ चा तो शनिवार आठव. एफए कप या दुसऱ्या स्पर्धेमुळे त्या गेमवीकला (लीगच्या त्या फेरीला) चारच सामने होते. लिव्हरपूलने वॉटफर्डला ५-० धुतलं, त्यात सालाहचे चार गोल आणि एक असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेला पास). मिडफिल्डरला गोलमागे ५, म्हणजे २०. असिस्टचे ३, खेळल्याचे २, क्लीन शीटचा (संघाने गोल न खाल्ल्याचा) १, बोनसचे ३. झाले २९. कॅप्टन केलं असेल तर दुप्पट, म्हणजे ५८, ट्रिपल कॅप्टन लावलं असेल तर तिप्पट, ८७. आता असं बघ, एकाने कपचे सामने कधी आहेत, लीगचे कुठले पुढे ढकलले जातील हे आधीच हेरून, त्याच मोसमात नव्याने आलेलं फ्री हिट (एका आठवड्यापुरता सगळा संघ बदलू देणारी चिप, म्हणजे मोसमात मोजक्या वेळा वापरायची खास सवलत) राखून ठेवलं होतं आणि सालाहला कॅप्टन केलं. दुसऱ्याच्या संघात त्या आठवड्यात मैदानात उतरणारे जेमतेम चार-पाच उरले होते, त्यातलं मोठं नाव म्हणून त्याने सालाहला कॅप्टन केलं. दोघांनाही ५८ च मिळाले. यातला तू कोण, ते मसुद्यात कुठेच नाही.

दुसरी गोष्ट तुलनेची. २०२४-२५ मध्ये जास्त गुण मिळाले म्हणून तो तुझा सर्वोत्तम मोसम, असं लिहिलंयस. त्या वर्षी असिस्टंट मॅनेजरची चिप होती, आधी नव्हती. २०२५-२६ पासून बचावफळीतल्या खेळाडूला क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून दहा झाले की दोन गुण मिळू लागले. २०१९-२० मध्ये तर कोविडमुळे लीग मार्चमध्ये थांबली, जूनमध्ये पुन्हा सुरू होताना अमर्याद ट्रान्सफर (खेळाडू बदलायची मुभा) मिळाल्या आणि गेमवीकचे आकडे ‘३०+’ असे पडले. अशा मोसमांचे गुण शेजारी मांडून काय कळणार? रँक त्यातल्या त्यात बरी, पण तीही एकूण संघांच्या हिशेबात. २००२-०३ मध्ये हा खेळ सुरू झाला तेव्हा जेमतेम पाऊण लाख संघ होते. २०२२-२३ मध्ये एक कोटी दहा लाखांच्या वर गेले. त्या वर्षीची दोन लाखांच्या आतली रँक म्हणजे वरचे दोन टक्के. तू ती ‘निराशाजनक’ म्हणून एका ओळीत उरकलीस. कमाल आहे!

आठवणीवर फार विसंबू नकोस. शेफिल्ड युनायटेडचा लंडस्ट्रम आठवतो ना? २०१९-२०, खेळात बचावपटू म्हणून नोंद, खेळातली किंमत अवघी ४.० (दशलक्ष पाउंड), आणि प्रत्यक्षात मिडफिल्डला खेळायचा. आज कोणालाही विचार, ‘माझ्याकडे पहिल्या आठवड्यापासून होता’ हेच उत्तर मिळेल. जुन्या चॅटमध्ये शोध, स्क्रीनशॉट काढ, मित्रांकडून खात्री करून घे. साइटवर गेमवीकनिहाय तपशील चालू मोसमापुरताच राहतो. उन्हाळ्यात नवा खेळ उघडला की तो पुसला जातो आणि ती एक ओळ उरते. म्हणून यंदाचं पान मे संपायच्या आत उतरवून घे: बेंचवर वाया गेलेले गुण, घेतलेले हिट (जादा ट्रान्सफरसाठी कापले गेलेले गुण), चिप कधी वापरल्या, सगळं.

आणि पुढच्यासाठी एक वही कर. डेडलाइनच्या (संघ बदलायच्या शेवटच्या वेळेच्या) आधी दोन ओळी: काय केलं, कशासाठी केलं. निकालानंतर लिहिलेलं कारण मी तरी धरत नाही. वेळेचंही भान ठेव. शनिवारी दुपारचा पहिला सामना असेल तर आपल्याकडे साडेतीनची डेडलाइन असते. ऑक्टोबरअखेर इंग्लंडातली घड्याळं मागे गेली की ती साडेचार होते. शुक्रवारी रात्रीच्या सामन्याची अकराची डेडलाइन तशीच बारावर जाते. (हा एक तास आपल्या लीगमध्ये दरवर्षी कोणाला तरी पावतो, आणि मार्चअखेर तो पुन्हा जातो तेव्हा कोणीतरी बोंबलत बसतं.)

प्रत्येक -४ च्या हिटला वेगळी ओळ दे, आणलेल्या खेळाडूने ते चार गुण पुढच्या किती सामन्यांत फेडले तेही लिही. काही कधीच फिटलेले नसतील, तेही येऊ देत.

सगळे मोसम सारख्या लांबीचे करू नकोस. २०१९-२० ला हवी तेवढी पानं घे, २०२०-२१ ला एक परिच्छेद पुरे. तेव्हा तू परीक्षांमुळे दोन महिने संघाकडे फिरकलाही नव्हतास, आणि तसं सरळ लिहून टाक. दुसरा मसुदा झाला की ग्रुपवर टाकायच्या आधी मला पाठव. लंडस्ट्रमचा स्क्रीनशॉट सापडला तर तोही.

तुझा,
दादा