आधी नोड, मग आउटपुट

प्रिय,

तू पाठवलेलं ऑप-ॲम्पचं, म्हणजे दोन इनपुटांतला फरक प्रचंड पटीने वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचं, गणित पाहिलं. इन्व्हर्टिंग (उणे) टोकाला १० किलोओहममधून २ व्होल्ट, फीडबॅकला, म्हणजे आउटपुटपासून परत त्याच टोकाला, ४० किलोओहम आणि नॉन-इन्व्हर्टिंग (अधिक) टोकाला थेट १ व्होल्ट. तुझं उत्तर −(४०/१०) × २ = −८ व्होल्ट. गुणाकार चोख आहे, पण सूत्र या सर्किटचं नाही. त्या सूत्रात नॉन-इन्व्हर्टिंग टोक ग्राउंडला असतं; इथे ते १ व्होल्टवर बसलंय.

सूत्र बाजूला ठेव आणि इन्व्हर्टिंग टोकाच्या नोडवर, म्हणजे दोन्ही रोध जिथे जुळतात त्या बिंदूवर, बोट ठेव. फीडबॅक निगेटिव्ह आहे, म्हणजे उणे टोकाला येतोय, तेव्हा दोन्ही इनपुटं सारखी धरायची: हा नोडही १ व्होल्टवर. १० किलोओहमच्या एका बाजूला २, दुसऱ्या बाजूला १, प्रवाह ०.१ मिलिॲम्पिअर. ऑप-ॲम्पचं इनपुट प्रवाह घेत नाही, तेव्हा तो सगळा ४० किलोओहममधून जाणार आणि तिथे ४ व्होल्ट पडणार. १ मधून ४ गेले: −३ व्होल्ट.

हा प्रवाह पुढे जातो कुठे? आउटपुटच्या टोकातून ऑप-ॲम्पच्या आत आणि तिथून निगेटिव्ह सप्लायला. चित्रात सप्लायच्या तारा बहुतेकदा काढलेल्याच नसतात, म्हणून हा प्रश्न कुणाला पडत नाही. तुला पडावा असं मला फार वाटतं.

दोन्ही इनपुटं सारखी का धरायची, हेही नुसतं पाठ करू नकोस. ७४१ या ऑप-ॲम्पचा ओपन-लूप गेन, म्हणजे फीडबॅकशिवाय तो इनपुटांतला फरक जितक्या पटीने वाढवतो ती पट, साधारण २ लाख असतो. ३ व्होल्ट आउटपुटसाठी इनपुटांत जेमतेम १५ मायक्रोव्होल्टचा फरक पुरतो. तो आपण सोडून देतो. ती टोकं आतून जोडलेली नसतात. आउटपुटच फीडबॅकमधून नोडला ओढून तिथे आणतं. म्हणून अधिक-उणे टोकांची अदलाबदल केलीस, तर कागदावर −३ च येईल, पण प्रत्यक्षात आउटपुट सप्लायजवळ जाऊन अडकेल. फीडबॅक कुठल्या टोकाला येतोय, हे दरवेळी आधी बघ.

आणि उत्तर आलं की ते सप्लायशी ताडून पाहा. याच सर्किटमध्ये २ ऐवजी ५ व्होल्ट दिले, तर हिशेबाने −१५ येतं. सप्लाय ±१२ असेल तर ते शक्यच नाही. समजा आउटपुट −१० ला अडलं. आता ५ पासून −१० पर्यंतचे १५ व्होल्ट ५० किलोओहमवर वाटले जातात, प्रवाह ०.३ मिलिॲम्पिअर, आणि नोड २ व्होल्टवर येतो. म्हणजे इनपुटं आता सारखी राहिली नाहीत. सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे आउटपुट असं अडलं की, तो नियम सुटतो, हे इथे आकड्यांतच दिसतं.

आता मूळच्या सर्किटमध्ये २ व्होल्ट तसेच ठेव आणि नॉन-इन्व्हर्टिंग टोकाला ३ दे. आउटपुट काढण्याआधी प्रवाहाचा बाण काढ आणि मग दोन्ही मला पाठव.