प्रयोगाच्या निरीक्षणांवरून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे की नाही, हे दहावीच्या विद्यार्थ्याने कसं ओळखावं?

निष्कर्षातला प्रत्येक शब्द तक्त्यातल्या कोणत्या नोंदीवर उभा आहे, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

मी बीड जिल्ह्यात विज्ञान शिकवते. बोअरचं पाणी आणि साठवलेलं पावसाचं पाणी दोन परीक्षानळ्यांत 10-10 मिली घ्यायचं, साबणाच्या द्रावणाचे सारखे थेंब टाकायचे, सारखंच हलवायचं आणि फेस पट्टीने मोजायचा. एका गटाला पावसाच्या पाण्यात 4 सेमी फेस मिळाला, बोअरच्या पाण्यात जेमतेम 1 सेमी आणि वर पांढरट साय. लगेच वहीत लिहिलं, 'बोअरचं पाणी पिण्यास अयोग्य आहे.'

इथंच गाडी घसरते. त्यांनी फेस मोजला होता. फेस कमी होतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे; अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात. फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू त्यावरून कळतच नाहीत. भरपूर फेस येणारं पाणीही दूषित असू शकतं. घराघरांत बोअरचं पाणी पिणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना एवढं तरी पक्कं समजलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. योग्य निष्कर्ष असा: 'या बोअरचं पाणी या पावसाच्या पाण्यापेक्षा जास्त दुष्फेन आहे.' 'या' गाळू नका. एका बोअरवरून अख्ख्या गावाबद्दलही बोलता येत नाही.

प्रयोग निदान तीनदा करा. फेस 4, 4.2, 3.9 सेमी आला तर ठीक, 4, 1.5, 3 आला तर आधी थेंब मोजताना काय चुकलं ते शोधा. आणि न जुळणारा आकडा खोडू नका, वहीत तसाच राहू द्या.